तीन सिस्टीमची ड्रायव्हिंग टेस्ट

परवाना कार्यालयात नापाससाहेबांची दोन वाक्यं प्रसिद्ध होती. सगळी नोकरी त्यांनी शिकाऊ चालकांच्या शेजारच्या सीटवर बसून काढली. क्लच घट्ट आहे, आरसा हलतो, सीट पुढे सरकत नाही, असली कारणं उमेदवार सांगू लागला की ते पूर्ण ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "परीक्षा गाडीची नसते, चालवणाऱ्याची असते." आणि मग लगेच दुसरं वाक्य, आवाज न चढवता, "नापास. पुढच्या महिन्यात या." निवृत्तीनंतर साहेब भाजी आणायला निघाले की रस्त्यावरची काही थोर माणसं अजूनही आपोआप दोन्ही हात हँडलवर ठेवतात. तेव्हा हे नाव त्यांना कोणी ठेवलं, हा प्रश्न गैरलागू आहे. ते त्यांनी कष्टाने कमावलं होतं.

अशा माणसाच्या घरातला कॉम्प्युटर एका सोमवारी अडून बसला.

साहेबांचं काही अडणार नव्हतं. ते कॉम्प्युटरवर फक्त हवामान बघत, तेही खिडकीतून बाहेर बघून झाल्यावर, दोन्ही जुळतंय का हे तपासायला. अडलं होतं त्यांच्या पत्नीचं. सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून आपणही म्हणू. वहिनींनी आजवर निम्म्या इमारतीच्या अंगावर स्वेटर चढवले होते. हात बघून मापाचा अंदाज घ्यायच्या आणि विणायला बसायच्या. त्यांचं ते काम एका संस्थेने कुठूनसं पाहिलं आणि त्यांना ऑनलाइन विणकामाचा वर्ग घ्यायला बोलावलं. रविवारी सकाळी पहिला वर्ग. ठिकठिकाणच्या बायकांनी नावं नोंदवली होती. वहिनींच्या स्वतःच्या नावावर असं हे आयुष्यातलं पहिलंच काही होतं, आणि त्यांनी ते कोणाला फारसं सांगितलंही नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून.

सोमवारी तालीम घ्यायला त्या कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि पडद्यावर पाटी आली, 'तुमची ऑपरेटिंग सिस्टीम फार जुनी आहे.' संस्थेतल्या बाईंना फोन केला. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "काही हरकत नाही हो. रविवारी तुम्हाला नाहीच जमलं तर क्रोशेवाल्या बाई तयार आहेत. त्यांचा कॉम्प्युटर नवा आहे."

वहिनींनी फोन ठेवला. क्रोशेवाल्यांबद्दल विणकामवाल्यांना काय वाटतं हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. "एका सुईवर काम उरकणारी बाई," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून ही शिवीच होती. मग म्हणाल्या, "समोरच्या प्रोफेसरांना विचारू का? ते त्यातले आहेत."

"असं कोणालाही विचारून सिस्टीम ठरवत नाहीत," साहेब म्हणाले. "आधी तुलना करायची. निर्णय नंतर. माझ्यावर सोड."

इथे खरं तर वहिनींनी सोडायला नको होतं.

बाजारात सिस्टीम तीन, हे साहेबांना चहावाल्याकडूनच कळलं. कंपन्यांची नावं आपण घेणार नाही. इमारतीत त्यांना खिडक्या, सफरचंद आणि पेंग्विन म्हणतात. ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि ज्याला कळणार नाही तो सुखी आहे. तिन्हीचा एकेक भक्त साहेबांच्या ओळखीतच निघाला.

खिडक्यांच्या बाजूने उभा राहिला मेव्हणा, वहिनींचा धाकटा भाऊ. तो विमा कंपनीत होता, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत पुढचं संकट आधी दिसे. "भाऊजी, सगळं जग खिडक्या वापरतं. उद्या काही झालं तर निदान चारचौघांसारखं होईल."

सफरचंदाची बाजू वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी घेतली. समोरच्याचं तोंड उघडं आणि उत्तर शून्य, अशा परिस्थितीत बोलायची त्यांना सवय. ते जिन्यातच सुरू झाले. दिसायला देखणं, हाताला मऊ, एकदा घेतलं की बघायला नको. साहेबांनी दोनदा तोंड उघडलं, तेव्हा डॉक्टरांनी सवयीने आत डोकावून घेतलं.

आणि पेंग्विन समोरच्या दारातल्या भौतिकशास्त्राच्या प्रोफेसरांचा. "साहेब, प्रश्न सिस्टीमचा नाहीच आहे. प्रश्न स्वातंत्र्याचा आहे," ते म्हणाले.

"मला फक्त उलट टाका दाखवायचाय," आतून वहिनी म्हणाल्या. पण तोवर स्वातंत्र्यावरची चर्चा पायपुसण्यावरून दिवाणखान्यात आली होती.

ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे, अशी आपल्यात म्हण आहे. तिच्यात मन कॉम्प्युटरचं असलं तर काय करावं हे सांगितलेलं नाही. शुक्रवारपर्यंत साहेबांनी जनाचं ऐकलं आणि मग मनाचं करायचं ठरवलं. मेव्हण्याने फोनवर सांगितलं होतं, आधी एक खातं उघडा, मग नवी आवृत्ती उतरवून घेता येते का बघा, सोपं आहे. साहेब चष्मा पुसून बसले. नाव टाकलं, जन्मतारीख टाकली, आणि पडद्याने विचारलं, 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.' खाली रस्त्याच्या चित्राचे चौकोन होते आणि सूचना होती, 'ट्रॅफिक सिग्नल असलेले सर्व चौकोन निवडा.'

साहेबांच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यातलं पहिलं समाधान उमटलं. अखेर यंत्राला योग्य माणूस भेटला होता.

त्यांनी चित्र नीट न्याहाळलं. "हा चौकोन नाही घ्यायचा," ते पुटपुटले. "यातला दिवा लागलेला नाही. बंद सिग्नल हा सिग्नल नव्हे, नुसता खांब." यंत्राने नवं चित्र दिलं, झेब्रा क्रॉसिंगचं. साहेबांनी एकही चौकोन निवडला नाही. पट्टे पुसट होते आणि रुंदी नियमात बसत नव्हती. मग बस निवडायला सांगितली. "ही मिनीबस आहे. तिचा परवाना वेगळा." पुन्हा सिग्नल. पुन्हा खांब.

"अहो, शेंबडं पोरही ओळखेल हे," मागून वहिनी म्हणाल्या.

"तुझ्याकडे लायसन्स आहे?" साहेबांनी मान न वळवता विचारलं.

नव्हतं. वहिनींना गाडी यायची. माहेरी त्यांनी जीप चालवली होती. पण या शहरात परीक्षा घेणार ते साहेबच, आणि घरच्या माणसाची परीक्षा घेणं नियमात बसत नव्हतं. दुसऱ्या परीक्षकाने पास केलं असतं तर लोक म्हणाले असते, वशिला. तेव्हा तो विषय कधी निघालाच नाही. वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. यंत्राने थोडा वेळ साहेबांकडे आणखी चित्रं पाठवली आणि शेवटी कळवलं की आपण माणूस असल्याची खात्री पटत नसल्यामुळे खातं तूर्त बंद करण्यात येत आहे.

जन्मभर लोकांना सिग्नल शिकवलेल्या माणसाला हे वाचायला लागावं! साहेब त्या दिवशी जेवले, पण आमटीत मीठ नव्हतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. वहिनींनी ते मुद्दाम घातलं नव्हतं की काय, हे विचारायची सोय नाही.

जखमी वाघ जंगलाकडे धावतो, जखमी परीक्षक नियमांकडे. साहेबांनी जाहीर केलं की शनिवारी सकाळी आपल्या दिवाणखान्यात तिन्ही सिस्टीमची रीतसर परीक्षा होईल. मालकांनी आपापली यंत्रं घेऊन वेळेवर यावं. जेवणाचं टेबल मधोमध ओढलं गेलं. त्याला एक खुर्ची चालकाची आणि शेजारची साहेबांची. वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर उद्याच्या वर्गासाठी नमुन्याची टोपी विणत बसल्या.

पहिले डॉक्टर आले. सफरचंद त्यांनी बाळाला आणावं तसं मऊ फडक्यात आणलं होतं.

"एक परिच्छेद लिहा," साहेब म्हणाले. डॉक्टरांनी दातांच्या निगेवर लिहिला. "आता चढावर गाडी थांबवून पुन्हा चालू करा." असं म्हणून साहेबांनी भिंतीतला प्लग उपटला. लॅपटॉप आपला चालूच.

"थांबला नाही," साहेब म्हणाले.

"अहो, बॅटरी आहे त्याला!"

"मी थांबवला आणि तो थांबला नाही. याला आम्ही सिग्नल तोडणं म्हणतो. आता रिव्हर्स घ्या." डॉक्टरांनी घाईघाईत 'अनडू'चं, म्हणजे लिहिलेलं मागे घ्यायचं, बटण दाबलं आणि दाबतच राहिले. सगळा परिच्छेद गेला. "मागे न बघता रिव्हर्स. नापास. पुढच्या महिन्यात या."

दुसरा मेव्हणा. त्याचं यंत्र गेले कित्येक महिने 'मला अद्ययावत करा' असं विनवत होतं आणि तो रोज 'नंतर आठवण करा' म्हणत होता. यंत्राला नेमकी आत्ता आठवण झाली. पडद्यावर एक गोल फिरू लागला आणि खाली अक्षरं आली, 'कृपया बंद करू नका.' सगळे त्या गोलाकडे बघत बसले. चहा झाला. गोल फिरतच होता.

"इंजिन गरम करतोय का?" साहेबांनी विचारलं.

"चूक माझीच आहे, भाऊजी. मीच टाळत होतो."

"कारणं लिहायला परवान्यावर जागा नसते. वाहन भर रस्त्यात दुरुस्तीला काढलं. नापास."

तिसरे प्रोफेसर. त्यांनी एक बोटभर पेनड्राइव्ह आणला होता. तो साहेबांच्याच जुन्या कॉम्प्युटरला लावला आणि काय आश्चर्य, अडलेला कॉम्प्युटर नवी सिस्टीम दाखवत सुरू झाला. इथे प्रोफेसरांनी हात आवरते घ्यायला हवे होते. पण त्यांनी एक काळा पडदा उघडला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत भराभर काहीतरी लिहायला लागले.

"हे काय?"

"काही नाही, आत काय चाललंय ते बघतोय. याची गरज नाहीये, पण बघितल्याशिवाय मला करमत नाही."

"म्हणजे बॉनेट उघडं ठेवून गाडी चालवताय," साहेब म्हणाले. "समोरचा रस्ता दिसतो का? नापास."

तिघेही उठले. डॉक्टर फडकं गुंडाळत म्हणाले, "मी लोकांचे दात उपटतो, पण इतका अपमान करून नाही." प्रोफेसर स्वातंत्र्याविषयी काही न बोलता गेले, यावरून त्यांना किती लागलं होतं ते कळावं. मेव्हण्याला यंत्र बंद करता येईना, म्हणून तो ते उघडंच दोन्ही हातांवर धरून, गोल सांभाळत जिना उतरला.

दिवाणखान्यात वहिनी आणि साहेब उरले. फक्त सुयांचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"झाली परीक्षा?" वहिनी म्हणाल्या.

"झाली. सगळे नापास. दर्जाच नाही कोणाला."

"म्हणजे उद्या क्रोशेवाल्या बाई पास." वहिनींनी विणकाम मांडीवर ठेवलं. "मी एक विचारू? जन्मभर तुम्ही काय सांगत आलात? परीक्षा कोणाची असते?"

साहेबांनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, वर्षानुवर्षं घोटलेलं. पण ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थबकलं.

"उद्या चालवणार कोण? मी," वहिनी म्हणाल्या. "सोमवारपासून या घरात किती माणसं आली, किती बोलली. त्या खुर्चीवर तू बसून बघ, असं एकानेही मला म्हटलं नाही. तुम्हीही नाही. मला वाईट वाटलं हो."

वाईट साहेबांनाही वाटलं. नापास झालेला उमेदवार गाडीतून उतरताना मान खाली का घालतो ते त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी चपला घातल्या आणि तिघांना परत बोलवायला ते बाहेर पडले.

सर्वांत सोपा निघाला मेव्हणा. तो खाली स्कूटरवर लॅपटॉप उघडा धरून बसला होता, गोल संपेपर्यंत घरी जाता येत नव्हतं म्हणून. प्रोफेसरांचं दार उघडंच होतं. पेनड्राइव्ह त्यांनी साहेबांच्या कॉम्प्युटरलाच सोडला होता. विसरलो म्हणाले, पण भौतिकशास्त्राची माणसं असं काही विसरत नाहीत. राहिले डॉक्टर. ते दवाखान्यात गेले होते. साहेबांना दाढा धरून बसलेल्या माणसांमध्ये आपला नंबर येईपर्यंत बसावं लागलं आणि माफी मागायला आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "आधी आ करा." माफी त्यांनी आरसा आणि चिमट्याच्या मधून मागितली. ती स्वीकारली गेली. वर एक दाढ किडल्याचं कळलं ते वेगळंच.

संध्याकाळी पुन्हा तेच टेबल, तीच माणसं. फक्त चालकाच्या खुर्चीवर वहिनी होत्या.

"घरच्या माणसाची परीक्षा नियमात बसते का?" त्यांनी विचारलं.

"मी निवृत्त आहे," साहेब म्हणाले. "चला. सावकाश घ्या." बायकोला आपण अहो-जाहो करतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. परीक्षेत ते सगळ्यांनाच करत.

वहिनींनी आधी सफरचंदावरून वर्गाचं पान उघडलं, आपले हात कॅमेऱ्यात दिसतात का ते बघितलं, आवाज ऐकला, बंद केलं. मग खिडक्यांवर तेच, गोल एकदाचा थांबला होता. शेवटी पेंग्विनवर तेच. प्रत्येक वळणावर टेबलाखाली साहेबांचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता. एकदा मध्येच यंत्राने वहिनींनाही विचारलं, माणूस आहात का? सिग्नल दाखवा. त्यांनी टकटक चौकोन निवडले आणि यंत्राने मुकाट्याने आत घेतलं.

"तो बंद सिग्नलही घेतलास?" साहेब न राहवून म्हणाले.

"खांब दिसला की माणूस ओळखतो हो," वहिनी म्हणाल्या.

तिन्ही यंत्रं त्यांच्या हाताखाली मुकाट चालली. तिघेही भक्त आता श्वास रोखून बघत होते. वहिनी म्हणाल्या, "स्टीलच्या सुईवर टाका सरकन पळतो, बांबूच्या जरा धरून राहतो. स्वेटर कशानेही होतो. मला एवढंच सांगा, वर्गाच्या आधी काही अडलं तर येईल कोण?"

डॉक्टर म्हणाले, रविवारी सकाळी त्यांचं पोहणं असतं. मेव्हणा म्हणाला, "ताई, मी येईनच, पण शहराच्या त्या टोकाहून, आणि वाटेत काही झालं तर..."

"मी समोरच आहे," प्रोफेसर म्हणाले. "स्लिपर घालायचाही वेळ लागणार नाही."

"मग पेंग्विन," वहिनी म्हणाल्या. आठवडाभर चाललेली तुलना अशी एका स्लिपरवर मिटली. घरगुती वापराच्या सिस्टीमबद्दल याहून शहाणपणाचं काही या इमारतीत तरी कोणी बोललेलं नाही. प्रोफेसरांनी वहिनींच्या नमुन्यांचे फोटो आधी बाजूला जपून घेतले, साहेबांनी ते घेतल्याची पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली, आणि जुन्या कॉम्प्युटरला नवी सिस्टीम मिळाली. काळा पडदा न उघडण्याची शपथ प्रोफेसरांना घालण्यात आली होती. ती त्यांनी एकदाच मोडली.

रविवारी वर्ग वेळेवर सुरू झाला. पडद्यावर बायकांचे चेहरे एकेक करून उमटले. वहिनींनी नमस्कार केला, आवाज थोडा कापला, आणि हातात सुया आल्यावर सावरला. टाके घालून दाखवत असतानाच, ज्या पुस्तकांच्या ढिगावर कॅमेरा ठेवला होता तो ढीग घसरला. साहेब मागेच उभे होते. त्यांनी कॅमेरा हवेतच धरला आणि वहिनींच्या हातांवर रोखला.

"अगंबाई," पडद्यातून एक आवाज आला, "हे नापास करणारे साहेब ना? मला किती वेळा परत पाठवलं होतं! आता मी शाळेची गाडी चालवते."

"वळताना आरसा बघता ना?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या धाकाने अजून बघते."

बायका हसल्या, वहिनी हसल्या, आणि वर्ग एकदम घरच्यासारखा झाला. साहेबांचा हात भरून आला, पण त्यांनी कॅमेरा हलू दिला नाही. वहिनींची बोटं त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. सुई आत जायची, धागा वळायचा, टाका सुटायचा, कुठे घाई नाही, कुठे धक्का नाही. इतकी वर्षं हे हात आपल्या शेजारी चालत होते आणि आपण सारखं समोरच्या रस्त्याकडे बघत राहिलो, असं त्यांना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

वर्ग संपला. संस्थेतल्या बाई म्हणाल्या, आता दर रविवार तुमचाच. पडदा मिटल्यावर वहिनी वळल्या. "काय साहेब? पास की नापास?"

साहेबांनी घसा खाकरला. "मधल्या ओळीत इशारा न देता उलट टाक्याकडे वळलात." मग कडक चेहरा टिकेना. "पास. पहिल्या खेपेला. माझ्या हातून असं फार थोड्यांना मिळालंय." ते जरा घुटमळले. "आणि परवाना कार्यालयात आता नवे परीक्षक आहेत. आपली ओळख नाही. अर्ज आणू का?"

"आणा," वहिनी म्हणाल्या. जरा वेळाने त्यांनी सुया आणि लोकर साहेबांपुढे सरकवली. "तोवर तुम्ही बसा या खुर्चीवर."

साहेब बसले. पाठ ताठ, दोन्ही हात सुयांवर. त्यांनी टाके घातले, त्यांतले काही सुईवर राहिले, बाकीचे मांडीवर उतरले, आणि लोकर कुठूनशी चष्म्याच्या काडीला अडकली. वहिनी शेजारच्या खुर्चीवरून शांतपणे बघत होत्या.

"सुयाच बरोबर नाहीत," साहेब म्हणाले. "एक जाड वाटते. आणि लोकर निसरडी आहे."

वहिनींनी पूर्ण ऐकून घेतलं.

"परीक्षा सुयांची नसते, विणणाऱ्याची असते," त्या म्हणाल्या. "नापास. पुढच्या रविवारी या."

"येतो," साहेब म्हणाले, आणि चष्म्याची लोकर सोडवू लागले.